पडीक रानाचें चित्र

बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास शेळगांव म्हणून एक गांव आहे. आषाढांत तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर या वाटेनें याच मुलुखांतून पंढरीस जाते. तेवढे दिवस सोडले तर केवळ पाहण्याच्या हेतूनें या बाजूस कोणी वाट वांकडी करीत असेल असें वाटत नाहीं. डोळ्यांत भरेल असा डोंगर येथें नाहीं, दरी नाहीं, पाण्याचा लोट नाहीं. कालव्याचें पाणी जेथवर पोहोंचलें तेथवर ऊस उभा आहे; जेथें तें चढूं शकलें नाहीं तेथें मुरमाचा माळ, त्यावर कुसळी गवत, तरवडाचीं झुडपें, एखादा हिवर, एखादी बोर, आणि वर उघडें आभाळ. गेल्या कार्तिकांत आमच्या एका चित्रकार स्नेह्याबरोबर आम्ही या भागांतील अशाच एका माळावर सकाळपासून बसलों होतों. स्नेह्यांनीं तरवडाचें एक फुललेलें झुडूप समोर घेऊन कागद ताणला होता, आणि आम्ही, चित्रकाराच्या सोबत्याचें जें काम असतें तें, म्हणजे पाण्याची बाटली सांभाळणें व गप्प बसणें, हें इमानानें करीत होतों. तेवढ्यांत मेंढरें घेऊन चाललेला एक म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. बराच वेळ त्यानें एकदां झुडपाकडे व एकदां कागदाकडे पाहिलें, आणि मग तो म्हणाला, "पावनं, ह्यात काय बगताय? तरवड हाय त्यो. शेरडंबी तोंड लावत न्हाईत त्येला."

स्नेही हंसले व पुन्हां कामास लागले. आम्हांस मात्र तो प्रश्न दिवसभर पुरला. म्हाताऱ्याच्या बोलण्यांत कुचेष्टा नव्हती. असलीच तर थोडीशी कीव होती. ज्यानें जन्मभर हें रान तुडविलें, कोणतें गवत कोणत्या महिन्यांत मेंढराच्या पोटास मानवतें हें ज्याला पाठ, तो विचारीत होता कीं या झुडपांत पाहण्यासारखें काय आहे; आणि शहरांतून दोन प्रहरांपुरता आलेला मनुष्य तें आहे असें धरून बसला होता. या दोघांत खरा पाहणारा कोण? जी वस्तु कोणाच्या विशेष उपयोगाची नाहीं तिच्या रूपाचा आपल्यावर कांहीं हक्क पोंचतो काय? आणि चित्रकार जेव्हां अशा वस्तूकडे आपलें लक्ष ओढून घेतो, तेव्हां तो आपल्यावर कांहीं ऋण ठेवतो, कीं घटकाभर करमणूक करून निघून जातो? प्रस्तुत लेखांत या प्रश्नांचा, आम्हांस जमेल तेवढा, विचार करावयाचा आहे.

तरवड अगदींच निरुपयोगी आहे असें नाहीं, हें न्यायासाठीं आधीं सांगितलें पाहिजे. त्याच्या सालीनें कातडें कमावतात, आणि एके काळीं दक्षिणेंतील कातड्याच्या धंद्यास या सालीचा मोठा आधार होता. पण आमचे स्नेही सालीचें चित्र काढीत नव्हते. कातडें कमावण्याचा गुण तरवडाच्या अंगीं मुळींच नसता तरी त्यांच्या कागदावरील एक रेषाही बदलली नसती. ते गुंतले होते त्या पिवळ्या रंगांत, पाकळीवरील शिरांच्या जाळ्यांत, आणि फुलाच्या खालीं लोंबणाऱ्या चपट्या शेंगेंत. म्हणजे म्हाताऱ्याचा आक्षेप उपयोगाची यादी वाढवून खोडून निघत नाहीं. यादी कितीही लांबविली तरी चित्रकार तिच्या बाहेरच उभा राहतो, आणि तेथें उभें राहण्याचा त्याला अधिकार काय, हाच प्रश्न आहे.

या मुलुखाकडे बारकाईनें पाहणारे लोक यापूर्वीं आले नाहींत असें मात्र नाहीं. मुंबई इलाख्यांत जमीन-पाहणीची जी पद्धत पुढें सर्वत्र चालू झाली, तिचा आरंभच इंदापूर तालुक्यांत झाला. पेशवाई गेल्यानंतर प्रिंगल यांनीं ठरविलेली आकारणी येथें फार जड झाली होती. शेतकरी जमिनी टाकून जाऊं लागले होते, आणि तालुक्यांतील पुष्कळ रान ओस पडलें होतें. तेव्हां १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघां अधिकाऱ्यांनीं येथें नव्यानें पाहणी केली, दर उतरविले, आणि ओस जमीन पुन्हां नांगराखालीं येऊं लागली. या पद्धतीचे नियम १८४७ सालच्या संयुक्त अहवालांत ग्रथित झाले आहेत. त्यांत मातीचे तीन वर्ग केले आहेत. पहिला बारीक पोताच्या, काळ्याभोर रंगापासून गर्द तपकिरीपर्यंतच्या मातीचा. दुसरा त्याहून जाड्या पोताच्या, फिकट, बहुधा तांबूस मातीचा. तिसरा खडेमिश्रित, भुसभुशीत, फिकट तपकिरीपासून करड्यापर्यंतच्या मातीचा. मग खोली पाहून एकंदर ९ प्रती, आणि प्रत्येक प्रतीचें मोल आण्यांत. उत्तमोत्तम जमीन १६ आणे, आणि तेथून खालीं खालीं.

हे नियम वाचतांना आम्हांस आश्चर्य वाटलें तें शब्दांचें. पोत, रंग, खोली, छटा! चित्रशाळेंतील गुरूनें शिष्यास सांगावे तेच शब्द हे आहेत. पाहणी-कामगार आंधळा नव्हता. करड्या आणि फिकट तपकिरी रंगांतील भेद त्याला चांगला कळत होता, आणि तो भेद त्यानें पाहिला म्हणूनच इंदापूरच्या रयतेच्या मानेवरील जूं हलकें झालें. अशा दृष्टीची निंदा करणें आम्हांस शोभणार नाहीं. परंतु तिचा एक धर्म आहे. ती पाहते ती कांहीं तरी ठरविण्यासाठीं, आणि ठरलें कीं पाहणें संपतें. चार आणे हा आंकडा वहींत पडला कीं त्या करड्या रंगाकडे पुन्हां पाहण्याचें कारण उरत नाहीं. धनगराची दृष्टि तरी याहून वेगळी कोठें आहे? 'शेरडें तोंड लावीत नाहींत' हा तरवडापुरता निकाल झाला. 'पडीक' हा शब्द अशाच निकालाचा आहे. जमीन कशी आहे हें तो सांगत नाहीं. ती काय करीत नाहीं तेवढें सांगतो.

योगायोग असा कीं, ज्या वर्षीं हा अहवाल तयार झाला त्याच सुमारास याच पुणें जिल्ह्यांत एक मनुष्य रंगांची पेटी घेऊन वनस्पतींपुढें बसला होता. पुण्याजवळ दापोडी येथें मुंबईच्या गव्हर्नराचें निवासस्थान होतें. सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत १८२८ सालीं तेथें एक वनस्पति-उद्यान सुरू झालें. इंग्रजी दप्तरांत त्यास दापुरीची बाग म्हणतात. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे तिचे अधीक्षक होते. सरकारी औषधभांडारांस लागणाऱ्या वनस्पति तेथें वाढवून पुरवाव्या, हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. १८४७ सालीं ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, आणि १८६१ सालीं डालझेल यांच्यासह त्यांनीं या इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. या गिब्सन यांनीं १८४७ ते १८५० च्या दरम्यान एका चित्रकाराकडून सुमारें १७० जलरंगी चित्रें काढवून घेतलीं. त्यांत या प्रांतांतील रानच्या वनस्पति आहेत, तशाच परदेशांतून आणून बागेंत लावलेल्याही आहेत. चित्रें एडिंबरोच्या राजकीय वनस्पति-उद्यानांत जाऊन पडलीं, आणि २००२ सालीं हेन्री नोल्टी यांनीं त्यांवर ग्रंथ लिहिला तेव्हां कोठें त्यांची जगास नीट ओळख झाली.

चित्रकाराचें नांव कोठेंच नाहीं. तो गोव्याकडील, पोर्तुगीज वळणाचा कोणी हिंदी मनुष्य असावा असा तर्क आहे. याहून अधिक कांहीं नाहीं. गिब्सन यांचें नांव कित्येक वनस्पतींच्या लॅटिन नांवांत कायमचें जाऊन बसलें. डालझेल यांनीं जुन्नराकडील डोंगरांत सांपडलेल्या एका मांसल वनस्पतीस गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचें नांव दिलें. तीच आमची शिंदळ माकुडी. गव्हर्नरसाहेबांनीं या वनस्पतीसाठीं काय केलें होतें हें आम्ही विचारीत नाहीं, कारण दरबारी रीतीच तशा असतात. पण ज्यानें पान न् पान पाहिलें, त्याचें नांव तेवढें राहूं नये, याची चुटपुट लागल्याशिवाय राहत नाहीं.

कोणी म्हणेल, हाही पगारी मनुष्यच होता. साहेबानें सांगितलें तें त्यानें काढलें. त्याच्या दृष्टींत आणि पाहणी-कामगाराच्या दृष्टींत भेद तो कसला? हें म्हणणें आम्ही पुष्कळ दिवस खरें मानीत होतों. शेळगांवच्या माळावर त्या दिवशीं आमचें मत बदललें. स्नेह्यांच्या हाताकडे पाहतां पाहतां एक गोष्ट लक्षांत आली. पान काढावयास बसलेल्या मनुष्यास पानाचा उपयोग कांहींच मदत करूं शकत नाहीं. रेषा आतां डावीकडे वळवावी कीं उजवीकडे, या प्रश्नाचें उत्तर औषधभांडारांत नाहीं, बाजारांत नाहीं, शास्त्रग्रंथांतही नाहीं. तें फक्त समोरच्या पानांत आहे. पगार साहेबाचा असेल, हेतु साहेबाचा असेल; पण रेषा ओढण्याच्या त्या क्षणापुरता तरी चित्रकारास पानाची चाकरी करावी लागते. आणि ही चाकरी निकाल देऊन संपत नाहीं. एक पान पुरें झालें कीं दुसरें पान निराळें असतें. आमच्या जुन्या शास्त्रकारांनीं चित्राच्या सहा अंगांत 'सादृश्य' हें एक अंग सांगितलें आहे. त्याचा अर्थ आम्ही आजवर 'हुबेहूबपणा' असा घेत होतों. आतां वाटतें कीं, त्यांत हुबेहूबपणापेक्षां नम्रतेचा भाग अधिक असावा.

तथापि दापोडीच्या पद्धतीच्या चित्रांत एक उणीव आहे, आणि ती लहान नाहीं. वनस्पतिशास्त्रास उपयोगी पडणारें चित्र कोऱ्या पांढऱ्या कागदावर असतें. झाडाखालीं माती नसते, पाठीमागें आभाळ नसतें, शेजारीं गवत नसतें. फूल आणि पक्व फळ पुष्कळदां एकाच डहाळीपाशीं दाखवितात, मग निसर्गांत तीं दोन महिन्यांच्या अंतरानें येत असलीं तरी हरकत नाहीं. शास्त्राच्या दृष्टीनें हें सर्व बरोबरच आहे. पण तरवड म्हणजे केवळ तरवड नव्हे. तरवड म्हणजे मुरूम, उथळ माती, हुलकावण्या देणारा पाऊस आणि तोंड न लावणारीं शेरडेंही. हें सर्व पुसून टाकलें म्हणजे जें उरतें तें सुंदर असेल, पण तें पोरकें आहे.

याच्या उलट बाजूचें उदाहरण जर्मनीच्या अल्ब्रेख्त ड्यूरर यानें १५०३ सालींच घालून दिलें आहे. त्यानें गवताचें एक ढेकूळ, मुळांशीं चिकटलेल्या चिखलासकट, जलरंगांत काढलें. त्यांत गवताचीं पातीं आहेत आणि पायवाटेच्या कडेला उगवणारें तण आहे. बाकी कांहीं नाहीं. हें चित्र व्हिएन्ना येथें आहे. पहिल्यानें त्याची प्रतिकृति पाहिली तेव्हां आम्हांस त्यांत कांहींच विशेष दिसलें नव्हतें, हें कबूल करावयास हवें. चित्रकारानें जमिनीच्या पातळीवर डोळा नेऊन तें काढलें आहे, आणि आम्ही तें उभ्यानें पाहत होतों.

आमच्या महाराष्ट्राच्या चित्रकारांनीं या बाबतींत काय केलें? निसर्गचित्राची परंपरा आमच्याकडे चांगली आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत नांव मिळवून परत आपल्या गांवीं गेले, आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट हींच ठिकाणें पुन्हां पुन्हां रंगवीत राहिले. १९३१ सालीं त्यांचें निधन झालें. मोठ्या शहरांत राहून धनिकांचीं चित्रें काढण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. तो सोडून एका तळ्याच्या कांठीं त्यांनीं आयुष्य घालविलें. एकाच जागेकडे वर्षानुवर्षें पाहत राहणें म्हणजे काय, हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्यानें आबालालांकडे जावें. पण त्यांच्या चित्रांतून पाण्याचें सान्निध्य फारसें सुटत नाहीं, आणि हें एकट्या त्यांच्यापुरतें नाहीं. आमचे बहुतेक निसर्गचित्रकार घाटावर, नदीवर, समुद्रावर किंवा देवळापाशीं गेले. कोरड्या माळास 'देखावा' म्हणण्याची आमच्या डोळ्यास संवयच नाहीं. त्याला आधीं कोणी पाहिलें असेल तर तें लेखकांनीं. माणदेश हा याच दुष्काळी पट्ट्याचा दक्षिणेकडील शेजारी. व्यंकटेश माडगूळकर यांनीं १९४९ च्या 'माणदेशी माणसं'पासून त्याला मराठी वाङ्मयांत आणलें. आणि ते रेखाचित्रकारही होते, हें आम्ही केवळ योगायोग समजत नाहीं. त्यांच्या वाक्यांतून तो उघडा माळ चार रेषांत उभा राहतो, तो ज्यानें पेन्सिल धरली आहे त्याच्याच हातून राहावा.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. रूप पाहून आनंद झाला, येथवर ठीक. पण त्यांतून कांहीं कर्तव्य निघतें काय? कांट या तत्त्ववेत्त्यानें १७९० सालच्या आपल्या ग्रंथांत सौंदर्याचा आनंद हा निरपेक्ष असतो असें प्रतिपादन केलें, हें पुष्कळांस माहीत असतें. त्याच ग्रंथांतील दुसरें एक प्रतिपादन कमी लोकांच्या ध्यानांत राहतें. रानफूल, पक्षी किंवा किडा यांचें रूप जो एकट्यानें पाहतो, ज्याला तें आवडतें, आणि आपलें थोडें नुकसान झालें तरी चालेल पण ही वस्तु सृष्टींत नाहींशी होऊं नये असें ज्याला वाटतें, त्याच्या अंतःकरणाची ठेवण चांगली असली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. पुढें तो असेंही म्हणतो कीं, अशा मनुष्यास फसवून कागदाचीं फुलें दाखविलीं आणि मागाहून त्याला तें कळलें, तर त्याचा सारा जिव्हाळा एका क्षणांत ओसरतो. म्हणजे त्याला हवें होतें तें रूप नव्हे, तें रूप धारण करणारी जिवंत वस्तु.

हा विचार आम्हांस मोलाचा वाटतो, पण 'आपलें थोडें नुकसान' या शब्दांपाशीं आम्ही अडतों. नुकसान कोणाचें? शेळगांवच्या माळावर सायंकाळपर्यंत बसून पुण्यास परतणाऱ्या चित्रकाराचें, कीं तेथें राहणाऱ्याचें? १८७६-७७ चा दुष्काळ या मुलुखानें भोगला आहे, आणि १९७२ चा दुष्काळ पाहिलेलीं माणसें अद्याप हयात आहेत. पहिल्या दुष्काळाच्या झळीनंतर नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला, भाटघरच्या धरणाचें पाणी बारामती-इंदापुराकडे वळलें, आणि ज्या शिवारांत बाजरीचीही शाश्वती नव्हती तेथें ऊस डोलूं लागला. पुढें याच तालुक्यांत कळंबच्या ओसाड रानावर वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. डोक्यावर घागर घेऊन कोसभर चाललेल्या बाईस कोणी सांगावें, 'हा कोरडेपणाच सुंदर आहे, तो असाच राहूं द्या,' तर तें निव्वळ क्रौर्य होईल. सौंदर्याच्या नांवाखालीं दुसऱ्याच्या तहानेवर हक्क सांगण्याची बुद्धि चित्रकारांस होऊं नये, आणि झाली तर ती कोणी ऐकूं नये.

मात्र कालव्याची कथाही एकाच रंगाची नाहीं. पाण्याचा निचरा झाला नाहीं तेथें नीरेच्या डाव्या कालव्याखालील कित्येक चांगल्या जमिनी पाणथळ व खारवट होऊन बसल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून हा सरकारच्या काळजीचा विषय झाला. १६ आण्यांची काळी जमीन मीठ फुटून पांढरी पडली. येथें आम्हांस असें म्हणावयाचें नाहीं कीं, चित्रकारास विचारलें असतें तर हें टळलें असतें. चित्रकारास निचऱ्यांतलें काय कळतें? म्हणावयाचें एवढेंच कीं, जमिनीकडे पाहणें एका निकालापाशीं थांबविलें म्हणजे पुढें ती काय करते हें दिसेनासें होतें. आणि माळाच्या बाबतींत तर पहिला निकालच उतावळेपणानें दिला गेला आहे. गवताळ माळ हें स्वतःच एक रान आहे, उजाड झालेलें अरण्य नव्हे, हें आतां शास्त्रज्ञ सांगूं लागले आहेत. चिंकारा, लांडगा, खोकड, माळावरचे पक्षी यांचें घर तेंच. बारामती तालुक्यांत सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालीं झालें, तें अशाच रानासाठीं. क्षेत्र पांच चौरस किलोमीटरांच्या थोडें वर, म्हणजे नकाशावर ठिपकाच. अन्यत्र मात्र 'पडीक' हाच शब्द चालू आहे. त्या शब्दाच्या आधारानें कधीं माळावर खड्डे खणून परकीं झाडें लावतात, आणि लावणारे मनापासून समजतात कीं आपण पुण्य केलें.

तेव्हां आमचें मत असें: माळ नांगरूं नये असें सांगण्याचा चित्रकारास अधिकार नाहीं. परंतु माळ नांगरतांना तेथें कांहींच नव्हतें असें म्हणण्याचा अधिकार, त्याचें चित्र पाहिल्यावर, दुसऱ्या कोणास राहत नाहीं. ऋण म्हणतात तें हेंच असलें तर असो. तें फेडणें न फेडणें गरजेवर अवलंबून राहील, आणि गरीबाच्या गरजेपुढें त्याला पुष्कळदां माघार घ्यावी लागेल. पण खात्यावर तें मांडलें तरी पाहिजे.

चित्राचा एक धोकाही सांगितला पाहिजे. चित्र आहे म्हणून वस्तु गेली तरी चालेल, असें मन आपली समजूत घालतें. अजिंठ्याच्या चित्रांच्या बाबतींत हें झालें आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनीं वर्षानुवर्षें खपून केलेल्या नकला विलायतेंत क्रिस्टल पॅलेसच्या आगींत १८६६ सालीं बहुतेक जळाल्या. त्यानंतर ग्रिफिथ्स यांनीं जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून नव्यानें करविलेल्यांपैकीं पुष्कळ १८८५ सालीं लंडनच्याच दुसऱ्या एका आगींत गेल्या. मूळ चित्रें भिंतीवर झिजत होतींच. नक्कल ही कोठार नव्हे. दापोडीच्या बागेचें तर आज नांवही पुणेकरांस आठवत नाहीं, आणि तेथील झाडें पाहावयाचीं तर एडिंबरोस जावें लागतें! ज्याच्या हातून तीं चित्रें उतरलीं त्या निनांवी मनुष्यास हें ठाऊक असतें, तर त्याला समाधान वाटलें असतें कीं दुःख, कोण सांगणार?

दुपारनंतर स्नेह्यांनीं दुसरा, मोठा कागद घेतला. आतां त्यांना तरवडासह सगळा माळ हवा होता. काम बरेंच पुढें गेल्यावर आमच्या लक्षांत आलें कीं, ओढ्याच्या कडेनें जी वेड्या बाभळीची दाट रांग डोळ्यांसमोर ढळढळीत उभी होती, ती कागदावर नाहीं. तेथें त्यांनीं हिवराचीं दोन झाडें काढलीं होतीं. आम्ही हरकत घेतली. ते म्हणाले, "ती या मातीची नाहीं. अमेरिकेंतून आलेली, दीडशें वर्षेंही झालीं नसतील. येऊन सगळें ओढे गिळून बसली. तिला मी माझ्या चित्रांत कशाला जागा देऊं?" आम्ही म्हटलें कीं, फड्या निवडुंगही अमेरिकेचा, आणि सकाळीं आपण ज्या मिरचीच्या ठेच्याबरोबर भाकरी खाल्ली ती मिरचीही तिकडचीच. १९५६ सालीं पुण्यांतून ज्याची नोंद प्रसिद्ध झाली तें गाजरगवतही आतां या बांधाबांधावर आहे. त्यालाही वगळणार काय? देशी कोणतें आणि उपरें कोणतें हें ठरवून मग पाहावयाचें, तर तें पाहणी-कामगाराच्याच ९ प्रतींसारखें झालें. फक्त आण्यांच्या जागीं जात आली. स्नेही थोडे चिडले. निवड करणें हा चित्रकाराचा हक्क आहे, असें ते म्हणाले. नाहीं तर त्या कुंपणाच्या तारेंत अडकलेली प्लॅस्टिकची पिशवीही काढावी लागेल. यावर आम्हांस झटकन् उत्तर सुचलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर अद्यापही सुचलेलें नाहीं. निवड आणि नकार यांची सीमा आंखतां येते असें आम्हांस वाटतें, पण ती त्या दिवशीं आम्हांस आंखतां आली नाहीं. बऱ्याच वेळानें, आमच्याकडे न पाहतां, त्यांनीं ओल्या कुंचल्यानें हिवराचें एक झाड पुसलें आणि त्या जागीं मळकट हिरव्या रंगाचा एक पट्टा ओढला. पिशवी काढली नाहीं.

ऊन उतरलें तेव्हां तोच म्हातारा परतीच्या वाटेवर पुन्हां आला. स्नेह्यांनीं या वेळीं आपण होऊन चित्र त्याच्यापुढें धरलें. त्यानें तें डोळ्यांजवळ नेलें, दूर धरलें, आणि सगळ्यांत आधीं त्या मळकट पट्ट्यावर बोट ठेवलें. "येडी बाभळ," तो खूष होऊन म्हणाला. "हिच्या शेंगा लई आवडीनं खात्यात मेंढरं. सरपणाला बी हीच." आमच्या स्नेह्यांचा चेहरा त्या वेळीं पाहण्यासारखा झाला होता. मग म्हाताऱ्यानें तरवड ओळखला, बोर ओळखली, दूरची टेकडी ओळखून तिच्या पलीकडील वस्तीचें नांव सांगितलें. शेवटीं पुढच्या भागांतील पिवळसर गवतावर त्याची नजर थांबली आणि कपाळास आंठी पडली.

"ह्यात कुसळं न्हाईत," तो म्हणाला.

स्नेह्यांनीं वांकून पाहिलें. खरेंच, गवताचीं पातीं होतीं, त्यांवरील उन्हाची झांक होती, पण मेंढरांच्या लोकरींत शिरून कातड्यास टोंचणारीं, ज्यांच्यामुळें या दिवसांत धनगर या गवतांत कळप घालावयास भितो, तीं काळसर, पीळदार कुसळें कोठेंही नव्हतीं. म्हातारा चित्र परत देऊन मेंढरांमागें निघून गेला. स्नेह्यांनीं पुन्हां पेटी उघडली, पण उजेड राहिला नव्हता. परततांना गाडींत बसून आम्ही दोघेही बारामतीपर्यंत आपापल्या कपड्यांतून एकेक कुसळ उपटून काढीत होतों, आणि स्नेही प्रत्येक कुसळ टाकण्यापूर्वीं दिव्यापुढें धरून पाहत होते.